बोर्डिंग आणि ब्रीडिंग एकाच आवारात: केनेलमधला दिवस खरोखर कसा जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुत्र्यांची मनापासून आवड आहे, नोकरी सोडून बोर्डिंग, म्हणजे लोकांची कुत्री काही दिवस सांभाळायचं काम, सुरू करायचं आहे आणि जोडीला ब्रीडिंग, म्हणजे कुत्र्यांची पैदासही करायची आहे. केनेलमधला, म्हणजे कुत्री ठेवायच्या जागेतला, रोजचा दिवस कसा असतो, आणि दोन्ही कामं एका जागी जमतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. जमतात, पण आवार एक असलं तरी केनेल दोन आहेत असं धरून दिवस आखावा लागतो. बोर्डिंगला येणारं प्रत्येक कुत्रं बाहेरचं काहीतरी घेऊन येतं: खोकला, जंत, पिसवा, गोचीड, कधी वरवर धडधाकट दिसणाऱ्या अंगात पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांनी पिल्लांचा जीव घेणारा विषाणू. आणि त्याच आवारातल्या दुसऱ्या खोलीत असे जीव असतात ज्यांचं सगळं संरक्षण आईच्या चिकातून मिळालेलं असतं. या दोघांची गाठ कधी पडत नाही हे खरं, पण तुमचे बूट, तुमचे हात आणि तुमची बादली दोघांकडे जातात. म्हणून केनेलमध्ये किती वाजले यापेक्षा कोणाकडून कोणाकडे निघालो याला जास्त महत्त्व आहे.

आमचा क्रम ठरलेला आहे. सकाळी सगळ्यात आधी व्यायलेली मादी आणि पिल्लं, मग गाभण माद्या, मग आमची मोठी कुत्री, मग बोर्डिंगचे पाहुणे, आणि खोकणारं किंवा जुलाब होणारं कोणी वेगळं ठेवलं असेल तर ते सगळ्यात शेवटी. उलट दिशेने जायचं झालं तर कपडे आणि बूट बदलून, हात कोपरापर्यंत धुऊन. प्रत्येक विभागाच्या बादल्या, झाडू आणि खाण्याची भांडी वेगळ्या रंगाची आहेत. बोर्डिंगची निळी बादली पिल्लांच्या दाराशी दिसली की ती कोणी आणली याची चौकशी होते, मग ती कितीही स्वच्छ असो. दोन माणसं कामाला असतील तर एकाने फक्त पिल्लं आणि दुसऱ्याने फक्त बोर्डिंग बघावं. सगळ्यात सोपं तेच. एकटं माणूस असेल तर क्रम मोडायची मुभा नाही. 'पटकन एक नजर टाकून येतो' हे वाक्य आमच्याकडे चालत नाही.

सकाळी कुठलंही दार उघडण्याआधी मी नुसती बघत फिरते. रात्री काय काय झालं ते जमिनीवर लिहिलेलं असतं. विष्ठा कशी आहे, उलटी झाली आहे का, झाली असेल तर अन्नाची की पिवळ्या फेसाची, पाणी किती संपलं, अंथरूण फाडलं की नुसतं विस्कटलं, दाराच्या जाळीवर दात मारलेत का. नवीन मदतनीस हमखास एक गोष्ट करतो: आपण किती चटपटीत आहोत हे दाखवायला मी यायच्या आत सगळं धुऊन टाकतो. काम चोख, पण आता मला कुठल्या कुत्र्याचं पोट बिघडलंय ते कळायला मार्ग नाही. म्हणून नियम असा की आधी बघायचं, वहीत टिपायचं, मग पाईप हातात घ्यायचा.

बोर्डिंगच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पातळ शी होणं फार सामान्य आहे. जागा बदलली, ताण आला की मोठं आतडं बिघडतं. कधी शेवटी चिकट आव आणि रक्ताचा एखादा धागाही दिसतो. कुत्रं खेळतंय, खातंय, डोळे टवटवीत आहेत, तर लक्ष ठेवायचं आणि मालकाला कळवायचं. पण तेच कुत्रं कोपऱ्यात मलूल पडलंय, उलट्या होतायत, खाण्याकडे बघतही नाही, आणि वय लहान किंवा लसीचं कार्ड अर्धवट आहे, तर थांबायचं नाही. त्याच क्षणी वेगळं करायचं आणि पशुवैद्याला फोन.

पार्वोचा धाक का घ्यायचा तेही सांगते. हा विषाणू कुत्र्यांमध्ये १९७८ च्या सुमारास समोर आला आणि फार थोड्या काळात जगभर पसरला. तो जमिनीत महिनोन् महिने टिकतो. संसर्ग झालेलं कुत्रं लक्षणं दिसायच्या आधीच तो विष्ठेतून टाकू लागतं. हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर भरवशाचं नाही, सुगंधी फिनाइल तर नाहीच. घरगुती ब्लीच चालतं, साधारण १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी, आणि ते पृष्ठभागावर निदान १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. पण घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. आधी विष्ठा उचलायची, मग साबणाने घासायचं, मग साधं पाणी, आणि मगच ब्लीच. यात आणखी एक कारण आहे: लघवीत अमोनिया असतो, आणि अमोनियावर ब्लीच पडलं की घातक वायू तयार होतो. बंद खोलीत हे करणाऱ्याचे डोळे आणि छाती दोन्ही जळतात. द्रावण रोज ताजं करायचं. शेवटी पुन्हा पाणी मारून वायपरने फरशी कोरडी करायची. ओल्या फरशीवर उभ्या राहणाऱ्या कुत्र्याचे पंजे बोटांच्या बेचक्यांतून लाल होतात. आणि हे सगळं चालू असताना कुत्रं त्या रनमध्ये, म्हणजे त्याच्या जाळीच्या कप्प्यात, नसावं, हे वेगळं सांगायची गरज पडू नये, पण पडते.

लाकूड, माती आणि तडे गेलेलं काँक्रीट यांचं निर्जंतुकीकरण होत नाही. बांधकाम करताना लोक रंग आणि नावाच्या पाटीवर खर्च करतात. मी म्हणेन तो पैसा फरशीच्या उतारावर आणि गटारावर घाला. बोर्डिंगच्या रनचं धुतलेलं पाणी पिल्लांच्या खोलीवरून वाहत जाता कामा नये. शेजारच्या दोन रनांमध्ये एकच उघडं गटार असेल तर मधल्या भिंतीला काही अर्थ नाही.

विष्ठा रोज उचलण्याचं एक कारण जंत हेही आहे. गोल जंतांची अंडी ताज्या विष्ठेत असतात तेव्हा संसर्ग करत नाहीत. त्यांना पिकायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. रोज उचललं तर ती साखळी तिथेच तुटते. एकदा मातीत मिसळली की मग वर्षानुवर्षं टिकतात, आणि लहान मुलांनाही त्यापासून धोका असतो.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. पाहुण्या कुत्र्याला त्याचंच खाद्य, त्याच्याच मापाने, प्रत्येकाला वेगळं आणि दार बंद करून द्यायचं. एकाच घरातली दोन कुत्री, जी घरी एका ताटात खातात असं मालक कौतुकाने सांगतात, तीही नव्या जागी भांड्यावरून भिडतात. पहिल्या दिवशी न खाणं चालतं. धडधाकट मोठं कुत्रं दुसऱ्या दिवशीही खात नसेल तर मी काळजी करू लागते. लहान पिल्लू, अगदी छोट्या जातीचं कुत्रं किंवा मधुमेहाचं इन्सुलिन चालू असलेलं कुत्रं असेल तर एक जेवण चुकलं तरी फोन करते. खोल छातीच्या मोठ्या जातींना, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशांना, खाण्याच्या आगेमागे पळवायचं नाही. पोट फुगलंय, कुत्रं ओकाऱ्या काढतंय पण बाहेर काही येत नाही, एका जागी बसवत नाही, अशी लक्षणं दिसली तर जठराला पीळ पडला असं समजून गाडी काढायची. सकाळपर्यंत वाट बघितली तर बहुतेक वेळा उशीर होतो.

आवाजाबद्दल कोणी आधी सांगत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये वीस कुत्री एकदम भुंकायला लागली की आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. ८५ डेसिबलच्या वर आठ-आठ तास काम केलं तर माणसाचं ऐकू येणं हळूहळू कमी होतं. कानाला संरक्षण लावून काम करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आवाज कमी करायचा खरा उपाय मात्र ओरडणं नव्हे, आडोसा. समोरासमोर तोंडं असलेली रन्स म्हणजे दिवसभराचं भांडण. जमिनीपासून कुत्र्याच्या डोळ्यांच्या वरपर्यंत बंद भिंत आणि त्यावर जाळी, एवढ्याने अर्धं भुंकणं जातं. संगीत लावतात तेही काही अंशी खरं आहे. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या प्राणिकल्याण संस्थेबरोबर केनेलमधल्या कुत्र्यांना वेगवेगळी गाणी ऐकवली. आधीच्या अभ्यासात पाश्चात्य शास्त्रीय संगीताचा शांतावणारा परिणाम काही दिवसांत ओसरला होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात रोज प्रकार बदलला, आणि सॉफ्ट रॉक आणि रेगे लागले तेव्हा कुत्र्यांच्या हृदयगतीवर जास्त चांगला परिणाम दिसला. म्हणजे एकच भजन महिनाभर लावून ठेवण्यात फायदा नाही. दुपारी दोन-अडीच तास आमच्याकडे दिवे मंद, माणसांची ये-जा बंद. हे दोन तास कुत्र्यांना झोप देतात, आणि झोपलेली कुत्री संध्याकाळी कमी भांडतात.

बोर्डिंगच्या कामात सगळ्यात जास्त अक्कल प्रवेशाच्या वेळी लागते. लसीचं कार्ड बघणं झालंच, पण मी मालकाला विचारते: शेवटचं कोणाला चावायला धावलं, कशामुळे? फटाका किंवा गडगडाट झाला तर काय करतं? कोणती वस्तू तोंडातून काढून घेऊ देत नाही? 'आमचा तर कोणालाच काही करत नाही' हे उत्तर आलं की मी जास्त सावध होते. लांब मुक्कामाच्या आधी एक दिवस आणि एक रात्र चाचणी म्हणून ठेवायला सांगते. ज्यांना ते पटत नाही त्यांनी दुसरीकडे जावं.

पळून जाण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, ते मागे सरकतं, डोकं खाली घालतं आणि पट्ट्यातून अलगद बाहेर येतं. म्हणून आत आल्याबरोबर मालकाच्या पट्ट्याखेरीज आमचा स्लिप लीश, म्हणजे ओढलं की आवळणारा फासाचा दोर, गळ्यात जातो, आणि आवाराला दोन दारं आहेत: एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. एवढी एकच गोष्ट मी कोणत्याही केनेलमध्ये आधी बघते. दुसरं दार नसेल तर बाकीचं बघायची गरज नाही.

सगळ्या कुत्र्यांना एकत्र मोकळं सोडून फोटो काढायची पद्धत आहे. मालकांना ते आवडतं, कुत्र्यांना नेहमीच आवडत नाही. अनोळखी कुत्री एकत्र सोडायची तर आकार, वय, स्वभाव बघून दोन-तीन, माणूस समोर, खेळणी आणि अन्न बाजूला. बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना वास घेत एकट्याने फिरण्यात जास्त रस असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

खोकल्याबद्दल मालकांशी आधीच स्पष्ट बोला. केनेल कफ हा एकच रोग नाही, बोर्डेटेला जिवाणू आणि काही विषाणू मिळून होणारा प्रकार आहे. लस घेतली तरी सौम्य खोकला होऊ शकतो. संसर्गापासून लक्षणापर्यंत दोन दिवसांपासून दहा-बारा दिवस जाऊ शकतात, म्हणजे कुत्रं तुमच्याकडून ठणठणीत जातं आणि घरी जाऊन खोकायला लागतं. हे आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर सबब वाटते. आणि आवारात कोणी घशात काही अडकल्यासारखं खोकलं, तर 'उद्या बघू' नाही. त्याच मिनिटाला वेगळ्या खोलीत.

आता ब्रीडिंग. इथे दिवस वेगळाच असतो, कारण बहुतेक दिवस काहीच घडत नाही आणि मग दोन रात्री झोप मिळत नाही.

मादी माजावर येण्याच्या कितीतरी आधी काम सुरू झालेलं असतं. जातीप्रमाणे नितंबाचे आणि कोपराचे एक्स-रे, डोळे, हृदय, आणि उपलब्ध असतील त्या जनुकीय चाचण्या. काही जातींत रंगामागे लागून नुकसान होतं: दोन्ही पालक मर्ल, म्हणजे फिक्या अंगावर गडद ठिपक्यांच्या, रंगाचे असतील तर काही पिल्लं बहिरी किंवा अंध जन्मतात. नर आणि मादी दोघांचीही ब्रुसेलाची तपासणी करायची, दर वेळी. हा जिवाणू गर्भपात घडवतो, माणसालाही होऊ शकतो, कुत्र्यांसाठी त्यावर लस नाही आणि औषधाने तो पूर्ण गेला याची खात्री देता येत नाही. 'आमचा नर चांगला आहे, चाचणी कशाला' असं म्हणणाऱ्या नरमालकाला नमस्कार करून परत यायचं.

नर कधी दाखवायचा हे दिवस मोजून ठरवणारे अजून आहेत: रक्त दिसल्यापासून अकरावा, तेरावा. काही माद्या त्या हिशेबात बसतात, काही सातव्या दिवशी तयार असतात, काही विसाव्या. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दर दोन-तीन दिवसांनी तपासलं तर बीज कधी सुटलं ते कळतं. कुत्रीचं बीज सुटल्यावर लगेच फळत नाही, ते पक्व व्हायला आणखी सुमारे दोन दिवस लागतात. मेटिंग त्या सुमाराला जमवायचं. याचा दुसरा फायदा नंतर होतो. बीज सुटल्यापासून विण्यापर्यंत ६३ दिवस, एखाद दिवस इकडे-तिकडे. मेटिंगच्या तारखेपासून मोजलं तर मात्र ५७ पासून ७२ पर्यंत कुठेही येऊ शकतं, आणि ऐन वेळी 'उशीर झालाय की आपला हिशेब चुकलाय' या घोळात पिल्लं जातात.

बोर्डिंगच्या आवारात माजावरची मादी असणं ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. पाहुणे नर खाणं सोडतात, रात्रभर रडतात, जाळी चढतात. जाळीच्या आरपारसुद्धा मेटिंग होतं, आणि एकाच वेतात दोन वेगळ्या नरांची पिल्लं असू शकतात. म्हणून त्या काळात आमची मादी बोर्डिंगच्या बाजूला अजिबात येत नाही आणि माजावरच्या पाहुण्या माद्या आम्ही घेत नाही.

गाभणपणात पहिले पाच आठवडे विशेष काही बदलायचं नसतं. साधारण २५ दिवसांनंतर सोनोग्राफीत गर्भ दिसतात. ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढला तर हाडं मोजून पिल्लं किती ते कळतं, आणि ही संख्या विण्याच्या रात्री फार उपयोगी पडते. शेवटच्या तीन आठवड्यांत खाद्य वाढवायचं, थोडं थोडं आणि जास्त वेळा. कॅल्शियमच्या गोळ्या आणि पावडरी मात्र द्यायच्या नाहीत. बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढण्याची यंत्रणा मंद करतं, आणि दूध पाजायला लागल्यावर मादी कोसळते. व्यायल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी, विशेषतः छोट्या जातीच्या आणि पुष्कळ पिल्लं असलेल्या मादीला, धाप, अस्वस्थपणा, पाय ताठ होणं, थरथर आणि ताप दिसला तर ते हेच. पिल्लं बाजूला काढून थेट दवाखाना.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोन-तीनदा ताप बघायचा. एरवी ३८ अंश सेल्सियसच्या वर असणारं तापमान ३७.२ च्या खाली उतरलं की पुढच्या २४ तासांत बहुधा विते. विण्याची पेटी आठवडाभर आधी दाखवलेली बरी, नाहीतर ती स्वतःची जागा शोधते, आणि ती जागा नेहमी सर्वांत अडचणीची असते. पेटीला आतून भिंतीपासून थोडी सुटी अशी आडवी पट्टी असावी, म्हणजे पिल्लू आईच्या पाठीमागे सापडलं तरी चिरडत नाही.

विण्याच्या वेळी बहुतेक काम म्हणजे गप्प बसून लक्ष ठेवणं. कधी धावायचं ते मात्र पाठ हवं. जोरदार कळा अर्धा तास चालू आहेत आणि पिल्लू नाही. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट-काळा स्राव दिसतोय. आणखी पिल्लं आहेत हे माहीत असून दोन तासांवर वेळ गेला. मादी थकून पडली. यातलं काहीही झालं तर पशुवैद्य. ते कोण आणि रात्री दोन वाजता उघडे असतात का, हे आधी ठरलेलं असावं. पहिल्या पिल्लानंतर हिरवा स्राव दिसला तर घाबरायचं नाही, तो वारेतला, म्हणजे प्लॅसेंटातला, रंग असतो. वारा मोजायच्या, पिल्लाला एक. मादी त्या खाते, तेवढ्यात मोजायला चपळाई लागते.

जन्मलेलं पिल्लू ऐकू शकत नाही, बघू शकत नाही, आणि स्वतःला ऊब देऊ शकत नाही. पहिले दिवस ते थंडीने कुडकुडतही नाही. म्हणून पेटीत पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश, आणि एका कोपऱ्यात जरा कमी, म्हणजे आईला हवं तिथे सरकता येईल. पिल्लू गार पडलं तर सगळ्यांचा पहिला हात दुधाकडे जातो, आणि तिथेच घात होतो. गार पिल्लाचं आतडं चालत नाही. दूध पोटात कुजतं किंवा फुप्फुसात जातं. आधी ऊब, तीही हळूहळू, अंगाशी धरून, आणि मग चीक. चीक पहिल्या २४ तासांत मिळाला पाहिजे, नंतर आतडी त्यातलं संरक्षण शोषून घेत नाहीत.

या काळात माझं सर्वांत मोठं हत्यार म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा. पहिल्या दिवशी वजन किंचित उतरलं तर चालतं. त्यानंतर रोज ५ ते १० टक्के वाढलं पाहिजे, आणि आठवडा-दहा दिवसांत दुप्पट. डोळ्याला सगळी सारखीच गुबगुबीत दिसतात. ओळखीसाठी प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा असतो, आणि काटा एक दिवस आधी सांगतो की निळ्या दोऱ्याच्या पिल्लाची वाढ थांबलीय. पहिल्या दोन आठवड्यांत तो एक दिवस फार मोठा असतो. इतकं करूनही काही पिल्लं जातात. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी या कामात पडू नये, असं मी तोंडावर सांगते.

डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात, कान त्यानंतर. तिसऱ्या आठवड्यापर्यंत शी-शू आईच्या चाटण्यावर होते, आई पेटी चकचकीत ठेवते आणि नवशिक्याला वाटतं की पिल्लं वाढवणं सोपं आहे. मग आई हात काढून घेते. चौथ्या आठवड्यापासून पिल्लांच्या खोलीची सफाई दिवसाला सहा-सात वेळा. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, दर दोन आठवड्यांनी, आठव्या आठवड्यापर्यंत; आईच्या स्नायूंत निपचित पडलेल्या गोल जंतांच्या अळ्या गाभणपणात जाग्या होऊन वारेतून पिल्लात जातात, त्यामुळे आई कितीही निरोगी दिसली तरी हे चुकवायचं नाही.

आणि इथे दोन्ही व्यवसायांची खरी ओढाताण सुरू होते. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लाचं जगाबद्दलचं मत बनतं. अमेरिकेत बार हार्बर इथे झालेल्या आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुंपणात माणसांशिवाय वाढवलेली पिल्लं १४ आठवड्यांनंतर माणसाच्या हाती जवळजवळ लागलीच नाहीत. म्हणजे या काळात त्यांना माणसं, आवाज, गुळगुळीत आणि खरखरीत जमीन, छत्री, झाडू सगळं भेटायला हवं. नेमक्या याच काळात आईकडून मिळालेली प्रतिपिंडं ओसरत असतात, आणि मध्ये काही दिवस असे येतात की ती रोग रोखायला अपुरी पण लस निकामी करायला पुरेशी असतात. म्हणूनच लस सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि एका डोसने पिल्लू सुरक्षित झालं असं धरता येत नाही.

यावर माझा तोडगा असा: माणसं पिल्लांकडे येतात, पिल्लं बोर्डिंगकडे जात नाहीत. बाहेरचे बूट दाराशी, स्वच्छ कपडे, हात धुतलेले, आणि त्या दिवशी दुसऱ्या केनेलमध्ये किंवा दवाखान्यात गेलेलं माणूस नको. बोर्डिंगला कुत्रं सोडायला आलेले लोक 'पिल्लं बघून जाऊ का' म्हणतात, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. लोक रुसतात. रुसू द्या. खोलीच्या भिंतीला काच बसवली आहे, तिथून बघा.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत देत नाही, आणि कोणाला द्यायचं हे रंग बघून ठरत नाही. घेणाऱ्याला काही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू कुठल्याही वयात माझ्याकडेच परत यायचं, हे करारात लिहिलेलं असतं. याचा अर्थ परत येणाऱ्यांसाठी एक रन कायम रिकामी ठेवायची. सुट्ट्यांच्या हंगामात ती रिकामी रन डोळ्यांत खुपते, बोर्डिंगला विचारणारे दहा फोन आलेले असतात, तरीही ठेवायची.

पैशाचं गणित एका वाक्यात: नीट केलेलं ब्रीडिंग क्वचितच पोट भरतं. एक रात्रीचं सिझेरियन आणि मोजक्या पिल्लांचं वेत, एवढ्यात वर्षाची शिल्लक संपते. वीज, पगार आणि दवाखान्याची बिलं बोर्डिंग भागवतं. जे लोक उलट सांगतात त्यांच्या माद्या वर्षात किती वेळा वितात ते विचारा.

रात्रीची शेवटची फेरी साडेदहाला. तीही पिल्लांपासून सुरू. दारांच्या कड्या, पाणी, उष्णतेच्या दिव्याची वायर, इन्व्हर्टर. उष्णतेचा दिवा नुसत्या क्लिपवर लटकवू नका, साखळीने बांधा. केनेलमधल्या आगींचं ते नेहमीचं कारण आहे. रात्री आवारात माणूस झोपलेलं असलंच पाहिजे, कॅमेरा हा त्याला पर्याय नाही. कॅमेऱ्यात पोटाला पीळ पडलेलं कुत्रं दिसेल, पण त्याला गाडीत कोण घालणार?

तर मला विचाराल तर पहिली दोन वर्षं फक्त बोर्डिंग करा, आणि त्या काळात एखाद्या जाणत्या ब्रीडरकडे विण्याच्या रात्री मदतीला जा. जाण्याआधी स्वतःच्या पाहुण्यांपासून निदान एक आंघोळ आणि एक कपड्यांचा जोड एवढं अंतर ठेवा. त्यांनी तुम्हाला दाराशी थांबवून 'आज कुठे होतात' असं विचारलं, तर योग्य ठिकाणी आलात. विचारलंच नाही, तर शिकायला दुसरी जागा शोधा.